भाडे चोवीस हजार, खर्च किती?



या अंकातला गणिताचा धडा पुस्तकातला नाही. तो एका घराच्या हिशोबाच्या वहीतला आहे. वही ज्यांची, त्यांनी ती मला आनंदाने वापरू दिली. नाव तेवढे देऊ नका म्हणाले, म्हणून देत नाही. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, तेव्हा लिहिण्यात एखादा हिंदी शब्द डोकावला तर सांभाळून घ्यावे.

जून २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मला पुण्याहून एक फोन आला. आपल्या शाळेतून सातवी पास होऊन गेलेल्या एका मुलीची आई बोलत होती. वडील पीथमपूरच्या कारखान्यात होते, त्यांची बदली चाकणला झाली. एप्रिलमध्ये टी.सी. घेऊन गेले होते (आपण इथे टी.सी. म्हणतो, तिकडे दाखला म्हणतात). मला वाटले, दाखल्यात काही चूक राहिली असेल. पण त्या म्हणाल्या, "बाई, दाखला बरोबर आहे. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले, पण मुलगी घरीच आहे. फीचे पैसे ट्रकमध्येच गेले हो."

मुलगी अभ्यासात चांगली. पुण्याच्या शाळेत जागा मिळाली होती, प्रवेशाचे २०,००० रुपये वेगळ्या पाकिटात ठेवले होते. पगार होईपर्यंत प्रवेश थांबला. तीन आठवडे उशिरा ती आठवीत बसली. पुढे सर्व ठीक झाले, पण नव्या गावात, नव्या वर्गात, सगळ्यांच्या मागून शिरणे एका तेरा वर्षांच्या मुलीला कसे वाटले असेल याचा विचार मनातून गेला नाही. वडील निष्काळजी नव्हते. भाडे तीन ठिकाणी विचारून ठरवले होते. चूक कुठे झाली ते बघण्यासाठीच आम्ही आठवीच्या वर्गात ती वही उघडली.

कंपनीने सामान नेण्यासाठी २५,००० रुपये भत्ता दिला होता. ट्रकवाल्याने सांगितले २४,०००. वडिलांनी मनात हिशोब केला की हजार रुपये उरतील, त्यात वाटेतले चहापाणी निघेल. इंदूर ते पुणे धुळे, मालेगाव, मनमाड, अहिल्यानगर असे सुमारे ६०० किलोमीटर. गाडी आयशर, चौदा फुटी. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भाव वाजवी होता, त्यात मला आजही काही खोट दिसत नाही.

आता वही. पहिली नोंद ट्रक येण्याच्याही आधीची आहे: खोकी, बबल रॅप, सुतळी, चिकटपट्टी मिळून २,३५० रुपये. किराणावाल्याकडून जुनी खोकी आणली असती तर यातले अर्धे वाचले असते, पण ती आधी पंधरा दिवस गोळा करावी लागतात. शेवटच्या दिवशी कोणी देत नाही. मग एसी उतरवणारा मिस्त्री आणि पुण्यात तो परत बसवणारा मिस्त्री, दोन्ही मिळून २,१००. एसी ट्रकमध्ये चढला की काम झाले असे आपल्याला वाटते. भिंतीवर पुन्हा चढायचे असते हे विसरतो.

ट्रक आला. इथले चार हम्माल, माणशी ७०० रुपये, २,८०० झाले. घर तळमजल्यावर होते, तीन तासांत गाडी भरली. पुण्यात घर चिंचवडगावात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिथे चार जणांनी ५,५०० घेतले. आपण हम्माली म्हणतो, ते हमाली म्हणतात. शब्दातला अर्धा म कमी होतो, पैसे मात्र दुप्पट होतात. वर्गात एका मुलाने विचारले, सामान तेच, माणसेही चारच, मग भाव वेगळा का? मी त्याला शाळेच्या जिन्याने पाण्याची भरलेली बादली घेऊन तीन मजले चढून ये म्हटले. खाली आल्यावर त्याने प्रश्न मागे घेतला. सामान उचलणाऱ्याला अंतराचे पैसे नसतात, पायऱ्यांचे असतात. म्हणून भाडे ठरवताना दोन्ही घरांचे मजले, लिफ्ट, आणि गाडी उभी राहील तिथपासून दारापर्यंतची पावले सांगायचीच. या कुटुंबाने पुण्याच्या घराचा मजला कोणाला सांगितलाच नव्हता, कारण कोणी विचारला नव्हता.

टोलची नोंद ३,१२० रुपये. भाडे ठरले तेव्हा टोलचा शब्दही निघाला नव्हता. वडिलांनी धरले की तो भाड्यातच आहे, ट्रकवाल्याने धरले की तो वेगळा आहे, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. जाताना १,५६० लागले. चालकाने परतीचेही तेवढेच मागितले, म्हणून दुप्पट. टोल किती लागेल हे आधी काढता येते. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत किलोमीटरमागे मूळ दर कारला ६५ पैसे आणि हलक्या व्यापारी वाहनाला १ रुपया ५ पैसे असा होता. पुढे दर वाढत गेले, पण हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हणजे तुम्ही त्या रस्त्याने कारने गेला असाल तर त्या टोलला १.६ ने गुणा, अंदाज येईल. याहून मोठा ट्रक घेतला, तर मूळ दर २ रुपये २० पैसे, म्हणजे कारच्या तिपटीहून जास्त. आणखी एक गोष्ट: फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. टॅग नसला किंवा त्यात शिल्लक नसली तर रोखीने दुप्पट भरावे लागते (१५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट). तो दंड गाडीमालकाचा, आपला नव्हे. टोल कापल्याचा संदेश मालकाच्या मोबाइलवर येतो, तो बघायला मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

आता सगळ्यात कडू नोंद. ट्रक सकाळी नऊ वाजता पुण्यात पोहोचला. मोठ्या शहरांत दिवसाच्या ठराविक वेळा मालवाहू गाड्यांना आत बंदी असते, त्यामुळे तो बाहेरच थांबला. संध्याकाळी आत आला तर सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितले, रात्री सामान चढवता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी कळले की चौदा फुटी गाडी आत वळतच नाही. छोटा हाथी बोलावला, दोन फेऱ्या, १,६०० रुपये. चालक म्हणाला, माझा एक दिवस मोडला, थांब्याचे २,००० आणि टोल आधी द्या, मग ताडपत्री सोडतो.

मुलांनो, इथे जरा थांबा. चालक गुंड नव्हता. त्यालाही मालकाला हिशोब द्यायचा होता. पण ज्या क्षणी तुमचे सगळे घर दुसऱ्याच्या गाडीत असते, त्या क्षणी तुमची घासाघीस संपलेली असते. आत मुलीचे दप्तर, आजीची औषधे, स्वयंपाकाचा गॅस. वडिलांनी खिशातून फीचे पाकीट काढले. त्या जागी मी असते तर मीही काढले असते. जे बोलायचे ते सामान उचलण्याआधी, आणि कागदावर.

चालक आणि क्लीनरला जेवणाखाणाचे ५०० दिले ते त्यांनी आनंदाने दिले. फळ्यावर बेरीज मांडली:

२४,००० + २,३५० + २,१०० + २,८०० + ५,५०० + ३,१२० + १,६०० + २,००० + ५०० = ४३,९७०.

वर्गात शांतता झाली. भत्ता २५,०००, म्हणजे १८,९७० खिशातून. फीच्या पाकिटात उरले १,०३०. मी मुलांना टक्केवारी काढायला सांगितली. ठरलेले भाडे हे एकूण खर्चाच्या ५५ टक्क्यांच्याही किंचित आतच आले. दुसऱ्या बाजूने बघितले तर भाड्याच्या ८३ टक्के रक्कम वरून लागली. हा काही सगळ्यांना लागू होणारा नियम नाही. तळमजल्यावरून तळमजल्यावर, रुंद रस्त्यावरच्या घरात जाणाऱ्याला इतके लागणार नाही. पण भाडे म्हणजे खर्च नव्हे, एवढे या बेरजेने सर्वांना दाखवले.

मग एका मुलीने हात वर केला. "बाई, चोवीस हजार तरी कशाला? ट्रकवाला किती कमावतो?" चांगला प्रश्न. भरलेली आयशर लिटरला आठ किलोमीटर देते असे धरू. ६०० किलोमीटरला ७५ लिटर. डिझेल आपल्याकडे सुमारे ९२ रुपये धरले तर ६,९०० रुपये. पण गाडीला परत यायचे असते. परतीला माल मिळाला नाही तर तेही डिझेल तुमच्याच भाड्यातून जाते, म्हणून १३,८००. चोवीस हजारांपैकी ५७ टक्क्यांहून जास्त एकट्या डिझेलचे. उरलेल्या १०,२०० मध्ये चालकाचा पगार, गाडीचा हप्ता, टायर, विमा, आणि ज्याने गाडी मिळवून दिली त्या दलालाची दलाली. ट्रकवाला लुटतो असे सहज म्हटले जाते. हा हिशोब केल्यावर वर्गात ते कोणी म्हणाले नाही.

या हिशोबातूनच एक उपाय निघतो. पुण्याची गाडी इंदुरात माल उतरवून रिकामी परत जात असेल तर तिला तुमचे सामान म्हणजे वरकमाई. ट्रान्सपोर्ट नगर किंवा देवास नाक्यावर "पुण्याची परतीची गाडी आहे का?" एवढे विचारले तरी भाव खाली येतो. अडचण अशी की तारीख आपल्या हातात राहत नाही. गाडी आज आहे, परवा नाही. ज्यांना दोन-चार दिवस मागेपुढे चालते त्यांनीच या वाटेने जावे. मे महिन्यात आणि महिनाअखेरीला सगळीच घरे हलतात, तेव्हा परतीची गाडीही ताठ असते. सामान थोडेच असेल तर दोन-तीन घरांचे मिळून एका गाडीत नेतात, आपण आपल्या भागाचेच पैसे देतो, पण पोहोचायला दिवस लागतात आणि सामान वाटेत एकदा उतरते-चढते. काचेचे कपाट असेल तर हा मोह टाळावा.

आता घनफळ, ज्याला आठवीत सगळे कंटाळतात. गाडी केवढी हवी हे दलालाने सांगायचे नसते, आपण मोजायचे असते. आम्ही वहीतल्या यादीवरून प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत लिहिली. लोखंडी कपाट ६.५ × ३ × १.६, म्हणजे ३१.२ घनफूट. पलंग सुटा करून, फ्रिज, वॉशिंग मशीन, खोकी, गाद्या, सायकल, सगळे मिळून ३१० घनफूट झाले. सामान विटांसारखे चपखल बसत नाही, मध्ये पोकळी राहते, म्हणून एक चतुर्थांश वाढवले: ३८७.५. चौदा फुटी गाडीचा हौदा सुमारे १४ × ६ × ६, म्हणजे ५०४ घनफूट. दहा फुटी ४०७ चा सुमारे १० × ६ × ५.५, म्हणजे ३३०. तेव्हा चौदा फुटीच हवी होती, वडिलांचा अंदाज बरोबर होता.

पण यादीत एक जुना सोफा होता. ६.५ × ३ × ३, एकटाच ५८.५ घनफूट. मी मुलांना म्हटले, खर्चाला घनफुटांनी भागा आणि सोफा न्यायला किती पडले ते सांगा. ४३,९७० भागिले ३८७.५, घनफुटाला ११३ रुपयांच्या वर. सोफ्याचे साडेसहा हजारांहून जास्त. मी खुशीत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, गाडी तर तीच होती. सोफा काढला असता तरी भाडे तेवढेच लागले असते." अगदी खरे. माझा हिशोब कागदावर बरोबर आणि रस्त्यावर चूक होता. भाडे घनफुटाने कमी होत नाही, गाडीच्या मापाने कमी होते. जिन्यासारखे, एकेक पायरीने. मग आम्ही पुन्हा मांडले. ३१० वजा ५८.५ म्हणजे २५१.५, एक चतुर्थांश वाढवून ३१४.४. आणि ४०७ चा हौदा ३३० चा! सोफा काढला असता तर सामान लहान गाडीत बसत होते (वजनही बघावे लागते, पण या घरात पुस्तके किंवा लोखंड फार नव्हते). एका सोफ्यामुळे गाडी एक पायरी वर गेली. लहान गाडी गल्लीतही वळली असती, म्हणजे छोट्या हाथीचे १,६०० वाचण्याची शक्यता होती. त्या बाईंना मी हे फोनवर सांगितले तेव्हा त्या हसल्या. सोफा पुण्याच्या जिन्यात वळलाच नाही. महिनाभर खाली पार्किंगमध्ये पडून होता, शेवटी वॉचमनने नेला.

पुढच्या तासाला दोन मुलांनी, घरच्यांच्या परवानगीने आणि माझ्यासमोर, तीन ठिकाणी फोन केले. तेच सामान, तोच रस्ता. भाव आले २२,५००, २६,००० आणि ३१,०००. वर्गाने लगेच पहिल्याला मत दिले. मी म्हटले, पुन्हा फोन करा आणि फक्त एकच विचारा: यात काय धरले आहे? पहिल्याने फक्त गाडी आणि चालक धरला होता. दुसऱ्याने जातानाचा टोल आणि इथली हम्माली. तिसरा पॅकर्स-मूव्हर्सवाला, त्याच्या भावात बांधाबांध, दोन्हीकडची चढ-उतार, तिसरा मजला, टोल, सगळे होते, पण जीएसटी वेगळा. अशा पूर्ण सेवेच्या बिलावर बहुधा १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे ५,५८० आणखी, एकूण ३६,५८०. त्यात एसीचे २,१०० आणि छोट्या गाडीचे १,६०० मिळवले तरी ४०,२८०. सगळ्यात महाग दिसणारा भाव वहीतल्या ४३,९७० पेक्षा कमीच. म्हणून सगळ्यांनी तिसराच घ्यावा असे मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी बांधाबांध करणारे हात आहेत, पुण्यात चार भाऊबंद आहेत, त्यांना नुसती गाडीच परवडते. पण तुलना करायची तर ती एकाच मापाने. एकाचे नुसते पोळीचे पैसे आणि दुसऱ्याचे पूर्ण थाळीचे पैसे समोरासमोर ठेवून काही कळत नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. सामानाची यादी दोन प्रतींत करावी, चालकाची सही घ्यावी, आणि वाहतूकदाराकडून बिल्टी घ्यावी. सामान कोणाचे, कुठून कुठे, केवढ्या किमतीचे, हे तिच्यावर असते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, तेव्हा त्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. जुनी मंडळी अजून जकात नाक्याची आठवण काढतात. पुण्यातली जकात २०१३ मध्ये गेली, मुंबईतली १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेली. आपल्या मध्य प्रदेशातले परिवहन विभागाचे चेकपोस्टही १ जुलै २०२४ पासून बंद आहेत. "बॉर्डरचा खर्च" असे मोघम कोणी म्हणाले तर पावती मागावी. पावती असेल तर पैसे द्यावेत.

विम्यावर मात्र मी थोडी रेंगाळणार आहे, कारण इथे माझे स्वतःचे नुकसान झाले. आईला ग्वाल्हेरहून इंदूरला आणले तेव्हा तिची पेटी, म्हणजे हार्मोनियम, ट्रकमध्ये पिंपाखाली दबली. भाता फाटला, सूरपट्ट्या निखळल्या. मी वाहतूकदाराला म्हटले, गाडीला विमा आहे ना? तो म्हणाला, आहे, गाडीला आहे. गाडीचा विमा गाडीचा असतो, आतल्या सामानाचा नव्हे. सामानाचा विमा वेगळा काढावा लागतो, किंमत आधी लिहून द्यावी लागते, आणि तो विमा कंपनीचा आहे की वाहतूकदाराने "रिस्क" म्हणून नुसताच टक्का लावला आहे, हे पॉलिसीचा कागद बघून ठरवावे लागते. यांतले मी काहीच केले नव्हते. ग्वाल्हेरच्या घरात रोज संध्याकाळी वाजणारी पेटी इंदुरात वाजली नाही. आईने मला एका शब्दाने बोलून दाखवले नाही. तेव्हापासून मी सांगते, जे पैशाने भरून येत नाही ते ट्रकमध्ये घालू नका, मांडीवर घेऊन जा. दागिने, मूळ कागदपत्रे, मुलांचे दाखले, औषधे, आणि घरात एखादी पेटी असेल तर तीसुद्धा.

पैसे कधी लागतात, हाही अंदाजपत्रकाचा भाग आहे, तो आपण विसरतो. साधारणपणे अर्धे किंवा त्याहून जास्त भाडे गाडी भरताना द्यावे लागते, बाकी सामान उतरण्याआधी. कंपनीचा भत्ता पुष्कळ वेळा बिले दिल्यावर, पुढच्या पगारात येतो. म्हणजे भत्ता पुरेसा असला तरी हातात रोख वेगळी लागते. त्याच आठवड्यात नव्या घराची अनामत, दुधाचे, गॅसचे, शाळेचे पैसेही उभे राहतात. आम्ही वर्गात ठरवले की सगळी कलमे मांडून झाली की बेरजेवर आणखी दहा टक्के अडीअडचणीचे म्हणून धरायचे, आणि फीचे पाकीट या हिशोबात धरायचेच नाही, ते दुसऱ्या कोणाकडे ठेवायला द्यायचे. ही दुसरी सूचना मुलांची. मोठ्यांचा स्वतःवर जितका विश्वास असतो, तितका मुलांचा मोठ्यांवर नसतो असे दिसते.

पालकांपैकी ज्यांची येत्या उन्हाळ्यात बदली आहे त्यांनी ऑफिसात येऊन आठवीच्या मुलांनी केलेला कोरा तक्ता घेऊन जावा. त्यात मजले, गल्लीची रुंदी, सोसायटीची वेळ, टोल कोणाचा, थांब्याचा दर, सगळ्यांना रकाने आहेत. फोन करताना तो समोर ठेवावा.

आता स्वाध्याय, आणि हा विश्वस्त मंडळींनीही सोडवावा ही विनंती. आपल्या शाळेचे ग्रंथालय सुट्टीत दोन किलोमीटरवरच्या नव्या इमारतीत न्यायचे आहे. पुस्तके ४,२००, एका पुस्तकाचे सरासरी वजन ४०० ग्रॅम. लोखंडी कपाटे १२, माप वर दिलेलेच. छोटा हाथी एका फेरीत ७५० किलो नेतो, किंवा चार कपाटे. फेरीला ७०० रुपये. एका खोक्यात ४० पुस्तके बसतात, खोके ४५ रुपयांना. पाच हम्माल, दोन दिवस, माणशी रोज ८०० रुपये. दोन मजले उतरायचे आणि एक मजला चढायचा. अडीअडचणीचे दहा टक्के धरावे. मंडळाने गाडीभाड्यापोटी ५,००० रुपये मंजूर केले आहेत. एकूण किती लागतील, किती कमी पडतील, आणि पुस्तके आधी न्यावीत की कपाटे, कारणासह लिहा. घरून जुनी खोकी आणता येतील का, त्याने काय फरक पडेल, हेही लिहा. उत्तरे शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. सर्वांत नीट मांडलेले तीन हिशोब मी मंडळाच्या पुढच्या बैठकीत, मुलांच्याच अक्षरात, पटलावर ठेवणार आहे.